दगडावरचं दहावं नाव

मोबाईल खाली ठेवा बे पोट्टेहो, मंगच सांगतो. आन् मधात खी खी केली तं उठून जाईन. कडूबा पाथरवट माह्या चांगला वळखीचा मानूस. खोटं बोलायची त्याले अक्कलच नाही, म्हनून सांगतो.

गेल्या साली भाऊबिजेची रात. नांदुऱ्याकडं जाते त्या रस्त्यावरच्या नाल्यापाशी कडूबा दगडाचं उरलंसुरलं काम कराले आला होता. श्रावणात निंदनाहून येनाऱ्या दहा बाया टेम्पोसंगट त्या नाल्याच्या पुरात गेल्या. गावात मानसांच्या नावाच्या पाट्या पायलीच्या पन्नास, बायांच्या नावाचा दगड हा पह्यलाच. सकाळी त्याले हार घालायचा होता. दगडावर नावं कोरली होती नऊ, काहून का सापडल्या होत्या नऊच.

दहावी मयुरी. विमलबाईची एकुलती एक पोरगी. सांजच्याले विमलबाईनं कडूबाचे पायच धरले.

"बापू, माह्या पोरीचं नाव नोको कोरू रे. तुले हात जोडते. नाव कोरलं का मले काहीच उरत नाही."

कडूबाचं काळीज हाललं. "नाही कोरत मावशी," म्हने. शब्द देल्ला.

तं रातच्याले बॅटरीच्या उजेडात तो दगड पुसून राह्यला होता. मांगून आवाज आला.

"दादा… माह्यं नाव?"

त्यानं वळून पाह्यलं. पोरगी उभी. केसातून पानी गळत होतं. नाला तं कोरडाठाक.

"कोन… मयुरी?"

"कोर ना दादा. माय रोज हाक मारते. रोज उठा लागते… गाळातून. लई थकली मी."

"म्या तुह्या मायले शब्द देल्ला, बाई."

ती दगडापाशी बसली. मोकळ्या जागेवर हात फिरवला. आन् रडाले लागली, लहान लेकरावानी. कडूबाले वाटलं, पळून जावं.

तेवढ्यात गावाकडून हाक आली.

"मयुरेऽऽ… ये वं…"

पोरगी दचकली. उठली.

"ह्या नऊजनी कशा झोपल्या पाह्य. मलेच झोप नाही, दादा. आज शेवटचं जाऊन येते… कोरशीन ना?"

गेली. गावाकडं.

"आबा, मंग कोरलं त्यानं?"

चूप बस बे. त्यानं छन्नी उचलली. ठेवली. पुन्हा उचलली. इकडं मायचा शब्द. तिकडं पोरीचं रडनं… म. यु. री. शेवटचा घाव बसला आन् गावाकडून पुन्हा एक हाक उठली, मधातच तुटली.

मंग… काहीच नाही. कुत्रंही भुकलं नाही.

उजाडल्यावर कडूबा माफी मांगाले गेला. विमलबाईचं दार सताड उघडं. ती उंबऱ्यात बसली होती. बाजूले तेलाची वाटी, हातात फणी.

"मावशी… म्या कोरलं."

विमलबाईनं त्याची गचांडी धरली.

"काऊन कोरलं रे बैमाना? रोज येत होती माही पोरगी! रोज! उघड्या दारातून यायची, माह्यापुढं बसायची, म्या केस विंचरून द्यायची. काल म्हने, माय, आता नोको बोलावू… म्या म्हटलं, असं काऊन बोलतं वं? आन् विंचरता विंचरता हातातून गेली रे! आता कोनाले हाक मारू मी? सांग ना! कोनाले?"

कडूबानं छन्नी नाल्यात फेकली. तवापासून तो दगडाले हात लावत नाही.

दगडाले हार पडला. लोक गेले. विमलबाईनं ती फणी मयुरीच्या नावाखाली ठेवली, आन् घरी जाऊन पह्यल्यांदा दार लावलं.

म्या सोता पाह्यली ती फणी. मे महिन्यात, भर दुपारी. दगडाले हात लावला तं चटका बसे. फणीत लांब केस अडकले होते.

केस ओले होते.