शाल्मलीची छोटी कढई

ओजस आज पहिल्यांदाच घरच्या काचेच्या खोलीबाहेर, रोपण केंद्रात आईच्या मांडीवर बसला होता आणि समोरच्या खुर्चीत त्याची चौदा वर्षांची बहीण शाल्मली मनातल्या मनात जळत होती. तिच्याच मूलपेशींनी तो वाचला होता. पण कौतुक कोणाचं? त्याचं!

पाच वर्षांपूर्वी ओजस जन्मला तोच रोगप्रतिकारशक्तीशिवाय, जनुकातलाच दोष. साधी सर्दीही जिवावर बेतायची. म्हणून घरातच निर्जंतुक खोली केली आणि आई, शैलाताई, सदा त्या काचेला चिकटलेली. शाल्मलीला विचारतंय कोण? मग एके दिवशी तिने ठोकून दिलं, "शेंगदाण्याने माझा श्वास अडकतो." सोलापूरच्या घरात कुटाशिवाय भाजी म्हणजे नवलच, पण आईने तिच्यासाठी वेगळी छोटी कढई काढली. रोज दोन वेळा ती फक्त शाल्मलीसाठी गॅसवर चढायची. तेवढंच काय ते तिचं हक्काचं.

"पूर्वीच्या रोपणात रोगाशी लढणाऱ्या पेशींचं नवं सैन्य कोरं यायचं," रोपण केंद्राच्या डॉ. घोरपडे सांगत होत्या. "आमच्या स्मृतिरोपणात दात्याच्या पेशी आठवणींसकट येतात. शाल्मलीच्या लसी याला लागू, आणि तिचे शत्रू ते याचेही शत्रू."

"म्हणजे शेंगदाणाही?" शैलाताईंनी विचारलं.

"अर्थात! अर्जात तुम्हीच लिहिलंय ना? तिला धोका नको म्हणून तेव्हा चाचणी केली नाही. आता याची करू."

शाल्मलीला कळून चुकलं, आता बिंग फुटणार!

डॉक्टरांनी ओजसच्या बोटाला रक्ताचे आकडे पडद्यावर दाखवणारा चिमटा लावला आणि दंडावर शेंगदाण्याचा अर्क टोचला. पंधरा मिनिटं झाली तरी लाली नाही. मग त्यांनी जिभेवर चिमूटभर कूट ठेवलं. ओजसने ते चघळलं, बहिणीकडे पाहिलं आणि एकदम गळा धरला.

"आई गं! श्वास अडकतोय!"

शैलाताईंनी त्याला छातीशी कवटाळलं. "नको रे माझ्या राजा! अक्काच्या कढईतच तुझंही करीन हो मी."

माझ्या कढईत? शाल्मलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"खोटारडा! नाटक करतोय तो!"

"खरंय, नाटकच आहे," पडद्यावरचे आकडे बघत डॉक्टर म्हणाल्या. "रक्तात काहीसुद्धा हालचाल नाही. पण शाल्मली, सैन्य तर तुझंच आहे. ते इथे गप्प असेल, तर तुझ्याकडे कसं खवळतं?"

शाल्मलीने मान खाली घातली. "कधीच खवळलं नाही," ती पुटपुटली.

शैलाताई तिच्याकडे बघतच राहिल्या. ओजसचा हात गळ्यावरून खाली आला आणि त्याचे डोळे भरले.

"मी रोज काचेतून बघायचो," तो म्हणाला. "आई अक्कासाठी वेगळं करायची. माझं सगळं पाकिटातलं. मला पण ती कढई हवी होती."