ज्याच्या हाती सुया

"सुया घरीच राहू देत, ताई."

भाऊ ओरडला नाही, रागावलाही नाही. त्याने नुसता हात पुढे केला, आत्याच्या खांद्यावरची विणकामाची पिशवी काढून घेतली आणि कपाटाच्या माथ्यावर, जिथे तिचा हात पोचत नसे अशा जागी ठेवून दिली. दारात भावजय डबे भरलेली टोपली घेऊन उभी होती. तिने मान फिरवली. आणि छोटी खारू… लाल टोपी घातलेली ती इवलीशी पोर एकदा बापाकडे, एकदा आत्याकडे पाहत राहिली. आत्याने पदर खोचला आणि ती म्हणाली, "बरं झालं बाई, तेवढंच ओझं कमी!"

त्या घरात तिला सगळेच आत्या म्हणत. खारू म्हणे म्हणून शेजारपाजारचे म्हणू लागले. ताई म्हणणारा एक भाऊ आणि वन्सं म्हणणारी एक भावजय, एवढेच काय ते वेगळे. आईबाप लवकर गेले तेव्हा हा भाऊ तिच्या परकराला धरून चालत होता. लोकांचे स्वेटर विणून तिने त्याला वाढवला, घड्याळजीच्या हाताखाली घातला, त्याचे दुकान लावून दिले, लग्न करून दिले… आणि या सगळ्या गडबडीत स्वतःचे लग्न करायचे राहूनच गेले!

दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या भावाला डॉक्टरांनी सांगितले होते, अधूनमधून लांबचे हिरवे बघत जा. म्हणून ऋतू पालटला की एक दिवस दुकानाला कुलूप लागे आणि सारे घर बसने जंगलाच्या कडेला उतरे. आत चालत जायचे, ओढ्याजवळ सतरंजी अंथरायची, थर्मासमधला चहा प्यायचा, आणि आत्याने विणायचे. हिवाळ्यातले विणकाम जाड, उन्हाळ्यातले विरविरीत. भावजयही तिच्याकडूनच विणायला शिकलेली. खारू रांगायला लागली तेव्हा आत्यानेच घराला एक नियम घालून दिला होता: ज्याच्या हाती सुया, त्याच्याकडे मूल नाही. विणताना माणूस टाके मोजतो, मोजताना आंधळा होतो. म्हणून मूल घ्यायचे तर सुया खाली ठेवायच्या, आणि सुया घ्यायच्या तर मूल दुसऱ्याच्या हवाली करायचे. किती शहाणा नियम! आणि त्याच शहाण्या नियमाने घात केला.

गेल्या पानगळीत घडले ते असे. आत्या ओढ्यावर पाणी आणायला निघाली तेव्हा खारू भावजयीजवळ पाचोळ्यात खेळत होती. भावजयीला वाटले, एवढी एक ओळ पुरी करू. तिने सुया उचलल्या, आणि पहिल्यांदाच जमणाऱ्या त्या नक्षीत अशी हरवली की पोर कधी उठून गेली ते तिला कळलेच नाही. लाकडे गोळा करणाऱ्या भावाने लांबून पाहिले, बायकोच्या हाती सुया आहेत, म्हणजे खारू ताईकडे. ओढ्यावरून परतणाऱ्या आत्याने पाहिले, हिच्या हाती सुया आहेत, म्हणजे खारू भावाकडे. त्यामुळे तिघेही निवांत! पायांवरची उन्हे सरली, धुके उतरले, भाऊ एकटाच मोळी घेऊन आला, आणि मग तिघांनी एकमेकांकडे पाहिले…

खारू सापडली. संध्याकाळी एका लाकूडतोड्याने तिला वाळल्या ओहोळातून उचलून आणले. अंगाला ओरखडासुद्धा नव्हता, पण कित्येक दिवस तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

"कुणाकडे होती ती?" भावाने त्या संध्याकाळी विचारले होते. तो आवाज आत्याने याआधी एकदा ऐकला होता. खारूच्या आधी या घरात एक तान्हे बाळ आले होते आणि आईच्या कुशीत झोपल्याझोपल्याच गेले होते. तेव्हा दुःखाने वेड्या झालेल्या भावाच्या तोंडून एक वाक्य निघाले होते. "तुझ्या कुशीत पोर गेलं आणि तुला कळलंसुद्धा नाही!" झाले! त्या वाक्यानंतर भावजय जेवेना, बोलेना, भिंतीकडे तोंड करून पडून राही. किती महिने तिला घास भरवावा लागला, किती दिवस तिच्या हातात सुया देऊन, तिच्या बोटांवर बोटे ठेवून टाके घालावे लागले, तेव्हा कुठे ती पुन्हा माणसांत आली. आता तेच वाक्य पुन्हा निघाले तर? ही बाई वाचणार नाही… आत्याला हे लख्ख दिसले. भावजयीचे ओठ थरथरत उघडत होते, त्याआधीच आत्या पुढे झाली.

"माझ्याकडे होती. मीच विणत बसले."

"पण सुया तर हिच्या…"

"ते मागाहून. मीच दिल्या तिच्या हातात. चूक माझी आहे."

एवढेच. एवढ्या दोन ओळींनी आत्याने जन्मभराचा विश्वास भावाच्या मनातून स्वतःच्या हाताने उसवून टाकला.

आणि त्यानंतरची ही हिवाळ्यातली पहिली सहल. तिच्या सुया कपाटावर चढल्या आणि जंगलात ती पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी बसली. झाडे उघडी पडली होती, गवतावर दव गोठले होते. ती ज्या वेळी घाबरे त्या वेळी विणत असे. आता भीती होती आणि विणायला काही नव्हते! पाचोळा जरा वाजला की तिचे काळीज लक्कन हले. खारू कुठे आहे? आईच्या मांडीवर आहे… आता कुठे आहे? बापाच्या खांद्यावर आहे… मन चिंती ते वैरी न चिंती. ती डोळ्यांत तेल घालून त्या लाल टोपीकडे पाहत राही, आणि आपण पाहतो आहोत हे भावाला दिसू नये म्हणून पुन्हा मान खाली घाली.

वसंतात झाडांना पालवी फुटली, ओढा खळखळू लागला. खारू आता पुन्हा बोलत होती. ती मूठभर पिवळी फुले घेऊन धावत आली, पण सतरंजीच्या कडेलाच थबकली आणि फुले लांबूनच टाकून म्हणाली, "आत्या, ही तुला. पण बाबा म्हणालेत, तुझा हात धरायचा नाही."

"बरोबर आहे हो बाबांचं," आत्या म्हणाली. "बाबांचं ऐकावं."

"तू मुलं हरवतेस का आत्या?"

आत्याने फुले उचलली आणि पदरात बांधली. पलीकडे भावजय ब्रेडला लोणी लावत होती, ती एकाच तुकड्याला किती वेळ लावत राहिली ते तिचे तिलाच ठाऊक.

माणसाच्या मनाचीही काय गंमत असते पाहा. ज्याने आपल्याला वाचवले त्याचे उपकार काही दिवस डोक्यावर घ्यावेसे वाटतात, आणि मग हळूहळू त्याचे तोंडच नकोसे होते. भावजय वाईट नव्हती हो! पण आत्या समोर आली की तिला ती दुपार आठवे. वन्सं आज बोलतील का, उद्या बोलतील का, एखाद्या भांडणात त्यांच्या तोंडून निघून जाईल का? भित्यापाठी ब्रह्मराक्षस! आत्याने "चहा घेतेस?" म्हटले तरी ती दचके. आणि उन्हाळ्यात, जंगलातून परतल्यावर, पाय धुता धुता आत्याच्या कानावर स्वयंपाकघरातले शब्द पडले.

"मी काय म्हणते… वन्सं तुमच्या मावशींकडे राहिल्या तर? मावशींनाही सोबत होईल. खारू अजून झोपेत दचकते. त्यांना बघून तिला आठवत असेल…"

भाऊ म्हणाला, "पानगळ होऊ दे. मग पोचवतो."

आत्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो असा! तिला ओरडून सांगावेसे वाटले… अगं, तुझ्यासाठी! तुझ्यासाठी मी हे सारे! पण ओरडली असती तर सगळे वायाच गेले असते. मावशीचे गाव दूर. तिथे खारूचा आवाज येणार नव्हता. सकाळी उठून कुणाला शाळेत जाताना पाहायचे, कुणाची वाट पाहत दाराशी उभे राहायचे? मरणाची भीती तिला कधी वाटली नव्हती. पण त्या संध्याकाळी न्हाणीघरात उभ्या उभ्या तिला खरी भीती वाटली. तिने पाय पुसले आणि पाने वाढायला गेली.

पानगळ आली. जंगल तांबूस झाले, वाट पाचोळ्याखाली बुजली. आत्याची हीच शेवटची सहल हे तिघांनाही ठाऊक होते, आणि खारूला कुणी सांगितले नव्हते. भावाने पोरीचा हात घट्ट धरला होता. बसमधून उतरल्यापासून सोडला नव्हता. त्याच्या हाती सुया नव्हत्या, कुणाच्याच हाती नव्हत्या. आता काय होणार होते?

दुपारी ओढ्याकडून धुके आले. आधी पलीकडची झाडे गेली, मग अलीकडची. ते पांढरे पांढरे जवळ येताना पाहिले मात्र, आणि खारूने अशी किंकाळी फोडली की भावाची पकड क्षणभर ढिली झाली. तेवढा क्षण पुरला. हाताला हिसडा देऊन ती पळाली, लाल टोपी एकदा दिसली, आणि मग फक्त धुके!

"खारू! ए खारू! थांब म्हणतो ना!" भाऊ ओरडत इकडे धावला, तिकडे धावला. "खारू! कुठं आहेस तू? बोल!" घाबरलेल्या माणसाचा आवाज रागावल्यासारखाच येतो. त्या आवाजाला उत्तर आले नाही.

भावजय जागच्या जागी खाली बसली. तिचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"गेली… पुन्हा गेली… माझ्या पापानं गेली हो!"

"काय बोलतेस तू? माझ्या हातातून सुटली ती!"

"नाही! माझ्याच!" तिने दोन्ही हातांनी पाचोळा उपसत म्हटले. "त्या दिवशी माझ्याकडे होती ती! वन्सं पाण्याला गेल्या होत्या, सुया मी उचलल्या. मी! त्या खोटं बोलल्या माझ्यासाठी. आणि मी त्यांनाच घराबाहेर काढायला निघाले… बोला आता! बाळाच्या वेळी बोललात तसं बोला! ऐकते मी! पण माझी पोर शोधून आणा हो…"

भाऊ उभाच राहिला. घड्याळाच्या पोटातला केसाएवढा दोष ओळखणारा तो माणूस, घरातले एवढे मोठे माणूस त्याला ओळखता आले नव्हते! त्याने वळून हाक मारली, "ताई!"

सतरंजीवर कुणी नव्हते.

"ताई! अगं ताई…!" मावशीकडे पोचवायची म्हणून ज्या बहिणीची वळकटी त्याने परवाच काढून ठेवली होती, ती आता धुक्यात कुठे होती कोण जाणे. पुढे ओढ्याचे घसरडे काठ होते, पडक्या विहिरी होत्या. तो बायकोशेजारी गुडघ्यांवर बसला. त्याने तिचे हात पाचोळ्यातून काढून आपल्या हातांत घेतले. ते वाक्य या वेळी त्याच्या ओठांवर आले नाही. तो एवढेच म्हणाला, "हातातून सुटतं गं माणूस… सुटतं."

दोघेही गप्प झाले, आणि गप्प झाले म्हणूनच त्यांना ते ऐकू आले. कुठूनतरी, अगदी हळू, अंगाईच्या चालीवर कुणीतरी म्हणत होते:

"दोन सुलट… दोन उलट… दोन सुलट… दोन उलट…"

ते हात धरून, ठेचकाळत त्या आवाजामागे गेले. एका जाड बुंध्याला टेकून आत्या बसली होती. चपला कुठेतरी गळून पडल्या होत्या, पायाला खरचटले होते. मांडीवर खारू होती, तिच्या पदरात तोंड खुपसून बसलेली. आणि आत्याची बोटे पोरीच्या पाठीवर टाके घालत होती.

"हळू बोला," आत्या म्हणाली. "ओरडलात की ती लपते. ओरडणाऱ्याकडे कोण येईल? मी नुसती मोजत बसले. आली आपली आपण."

भावाने तिच्या पायांवर डोके ठेवले.

"ताई, का केलंस असं? वर्षभर… मला एका शब्दानं का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू रे? तुझी जीभ मला ठाऊक होती. हिचं मन ठाऊक होतं." आत्याचा हात त्याच्या केसांवर फिरत होता. "एकदा उसवलेलं घर मी विणून काढलं होतं. दुसऱ्यांदा माझ्यानं झालं नसतं."

"वन्सं…" भावजय तिच्याजवळ येऊन बसली. "वन्सं, मला क्षमा…"

आणि इतके दिवस न रडलेली आत्या तेव्हा ढसाढसा रडू लागली. खारू घाबरून तिच्या तोंडाकडे पाहू लागली. आत्याने सगळ्यांसमोर, एखाद्या पोरासारखे, म्हटले, "मला पाठवू नका रे मावशीकडे… मला भीती वाटते. फार भीती वाटते मला…"

"कुठं नाही जायचं तू," भाऊ म्हणाला, आणि त्याने तिला कडकडून मिठी मारली. "कुठंच नाही."

बराच वेळ कुणी उठले नाही. मग बसची वेळ झाली म्हणून उठावे लागले. धुके तसेच होते, दहा पावलांपलीकडची वाट दिसत नव्हती. भावजयीने खारूला उचलले आणि आत्यापुढे धरले.

"वन्सं, ही तुमच्याकडे. आजपासून तुमच्याकडेच."

आत्याने पोरीकडे पाहिले. वर्षभर याच एका गोष्टीसाठी तिचा जीव तीळतीळ तुटला होता. तिने खारूचा पापा घेतला, टोपी नीट केली, आणि तिला परत आईच्या खांद्यावर ठेवले.

"तू घे," ती म्हणाली.

"मी? या धुक्यात?" भावजय एक पाऊल मागे सरली. "नको वन्सं, मला भीती वाटते!"

"मलाही वाटते. धर घट्ट, आणि हो पुढं."

भावजयीने पोरीला छातीशी धरले आणि ती पुढे निघाली. आत्या मागून भावाच्या खांद्याचा आधार घेत अनवाणी चालत राहिली.