तळच्या फळीवरचे नकाशे

गेर्बेनचं पत्र हेसेलने घडी घालून पुस्तकात ठेवलं होतं. हिवाळा सरला तरी उत्तर गेलं नव्हतं.

'विमा कंपनीसाठी पाण्याचं नुकसान तपासण्यात तुमचं आयुष्य गेलं,' गेर्बेनने लिहिलं होतं. 'माझ्या हातून चूक झाली का, एवढंच सांगा.'

झुटफेन गावाने निकाल कधीच दिला होता. घरं नव्याने सजवून देणाऱ्या टीव्हीच्या कार्यक्रमात सगळ्यांनी पाहिलं होतं. प्लंबर गेर्बेनने इल्सच्या बैठकीच्या खोलीत ती गरम ठेवणारा पाण्याचा रेडिएटर बसवला, घराला कुलूप लागलं, सकाळी रेडिएटरचा नट सैल आणि आत घोटाभर पाणी. मग जाहिराती. मग प्रायोजक कंपनीची नवी ओकच्या लाकडाची फरशी आणि रडणारी इल्स. गेर्बेनला त्यानंतर कोणी कामाला बोलावलं नाही.

यात काहीतरी जुळत नाही असं हेसेलला वाटे, पण स्वतःच्या शंकेचीही खात्री नसे. शेवटी इल्सच्या दिवंगत नवऱ्याकडून, ब्रामकडून, वाचायला आणलेला नकाशांचा ग्रंथ परत करायच्या निमित्ताने तो तिच्याकडे गेला.

इल्सने कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला.

"हा तळच्या फळीवरच ना?"

"तिथेच. ब्रामने लावलेलं मी कधी बदललं नाही."

हेसेल गुडघ्यांवर बसला. शेजारचा जाड ग्रंथ त्याने काढला, उघडला, मिटला. पानं सपाट होती.

"पाणी आलं तेव्हा हे कपाट कुठे होतं?"

"भिंतीतलं कपाट कुठे जाणार?"

"आणि तुम्ही?"

"हॉटेलात. काम संपेपर्यंत मालकाने घर पाहायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणजे रडू खरं येतं." ती हसली. "चौकशीला बसलात की काय, हेसेलसाहेब?"

"भिजलेला कागद फुगतो, इल्सबाई. वाळला तरी पूर्वीसारखा होत नाही. हे ग्रंथ पाणी येण्याआधीच कोणीतरी वर उचलून ठेवले. गेर्बेनला पाण्याची कल्पना असती, तर त्याने नटच आवळला असता. टीव्हीवाल्यांना तर भिजलेली पुस्तकं हवीच होती, चित्रात छान दिसतात. ब्रामचे नकाशे वाचवावेसे वाटणारं माणूस एकच. घराची किल्लीही त्याच माणसाकडे होती."

इल्सने कॉफीचा कप बाजूला सारला.

"त्या कार्यक्रमाचा निर्माता म्हणाला, तुमची जुनी फरशी धडधाकट आहे. धडधाकट फरशीवर कंपनी नवी देत नाही. काहीतरी घडायला हवं. एवढं बोलून निघून गेला."

"म्हणून रात्री येऊन नट सैल केलात."

"गेर्बेनचं नाव घेतील असं वाटलं नव्हतं."

"घेतल्यावर?"

"लोक फुलं घेऊन येत होते. ब्राम गेला तेव्हाही इतके आले नव्हते." तिने पायाने फरशी चाचपली. "आपल्या गल्लीत तिघांनी हीच बसवली. तुम्ही कोणालाही सांगा. त्यांनी टीव्हीवर पाहिलंय."

घरी येऊन हेसेलने लिहिलं: 'गेर्बेन, तू नट नीट आवळला होतास. तो इल्सने सैल केला. कोणी विचारलं तर माझं नाव सांग.'

पत्रपेटीकडे जाताना गेर्बेनचं घर लागलं. दारातल्या गाडीवर 'विकणे आहे' अशी पाटी होती. अवजारं आतच होती. दार वाजवायला हेसेलचा हात उचलेना. तो कोपऱ्यापर्यंत गेला आणि त्याने पत्र पेटीत टाकलं.