आत कोणीतरी बसलंय

एकनाथराव सकाळी दहाच्या बसने अफझलगंजला गेले आणि कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या समीरला बरोबर घेऊनच हिमायतनगरला परतले. फोनवर बोलावलेला माणूस येत नाही, हा त्यांचा अनुभव. चाळीस वर्षं लेथ चालवली होती, शिक्षण चौथी. मशीन बिघडलं की कारागीर डोळ्यांसमोर हवा.

कम्प्युटर युवराजचा. युवराज त्यांचा एकुलता मुलगा. महिन्यापूर्वी मलकपेठेत लॉरीने उडवला, जागीच गेला. मग सून रेणू हा कम्प्युटर आणि दोन पेट्या घेऊन सासऱ्याकडे राहायला आली. तेलुगू घरातली पोर. तिच्याशी लग्न केलं म्हणून एकनाथरावांनी तीन वर्षांपूर्वी मुलाला बजावलं होतं, "माझा उंबरा चढायचा नाही."

युवराज तरी दर शनिवारी यायचा. बेल वाजवायचा. दार उघडत नसे. मग तासभर जिन्यावर बसून निघून जायचा. एकनाथराव आत पेपर घेऊन बसत. पानं उलटत, वाचत काहीच नसत. पण तोंडून शब्द गेला तो गेला.

दहाव्याला मुसीकाठी कावळा पिंडाला शिवेना. झाडावर पंधरा-वीस बसले होते, एकही खाली येईना. गुरुजी हळूच म्हणाले, "राहिलेलं काही असेल तर बोला. घरात ये म्हणा." चार माणसांदेखत? एकनाथराव बोलले नाहीत. ऊन डोक्यावर आलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला शिववला. विधी उरकला.

मग परवा रेणू म्हणाली, "ते दर शनिवारी कम्प्युटरवर काहीतरी लिहायचे, मामय्या. तुमच्यासाठी. मला कधी दाखवलं नाही." ती सासऱ्याला मामय्याच म्हणे, तिच्या माहेरच्या रीतीने. त्यांनी तिथल्या तिथे कम्प्युटर लावायला सांगितला. लावला, तेवढ्यात वीज गेली, आली, पुन्हा गेली. कम्प्युटर धाडकन बंद पडला. तेव्हापासून तो चालू होई, पण पासवर्ड विचारतो त्या पाटीच्या पुढे जाईना.

पोराने काय लिहिलंय ते एकनाथरावांना वाचायचं होतं. शिव्या असल्या तरी.

समीरने तीनदा पासवर्ड घातला. तिन्ही वेळा तेच.

"पासवर्ड सही है चचा. वेलकम बोल रा, फिर बाहर ढकेल दे रा."

"दुरुस्त कर. गोष्टी सांगू नकोस."

"क्या करूं? तुमारे घर का है, तुमारे जैसाच अडियल है."

रेणूने मान खाली घातली.

समीरने दुसऱ्या नावाने शिरून पाहिलं. तेही बाहेर. मग कसल्याशा आडमार्गाने काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आणली आणि बराच वेळ वाचत राहिला. खुर्ची मागे सरकवली.

"चचा… ये नाम से कोई पहलेच अंदर बैठा है."

"म्हणजे?"

"म्हणजे चालू है. लिख रा कुछ. जबरदस्ती निकाला तो उसका लिखा हुआ जाता. निकालूं?"

"हात लावू नकोस," एकनाथराव म्हणाले.

समीरने कपाळ पुसलं. बिघाडात असलं खोटंनाटं दिसतं कधीकधी, असं पुटपुटला. आधी सगळं उतरवून घ्यायला दुसरी डिस्क आणतो म्हणाला आणि चहा न घेता गेला. रेणू गच्चीवरचे वाळलेले कपडे आणायला वर गेली.

दुपारचे तीन. पंखा फिरत होता. खोलीत ओल्या गवताचा, दहाव्याच्या दर्भासारखा वास येऊ लागला. खिडकी तर बंद होती.

स्क्रीनवर युवराजचं नाव, खाली रिकामी चौकट. एकनाथरावांनी चष्मा लावला. रेणूने कागदावर लिहून दिलेला पासवर्ड एका बोटाने, एकेक अक्षर शोधून दाबला. वेलकम. मग पुन्हा तीच चौकट. पुन्हा दाबला. पुन्हा बाहेर. सहाव्यांदाही बाहेर. तीन वर्षांचे शनिवार किती होतात, याचा हिशेब त्यांनी आजवर केला नव्हता.

इथे ऐकायला कोणी नव्हतं.

"ये," ते म्हणाले. "घरात ये… युवराज… ये रे."

चौकट गेली. स्क्रीन उघडली. पांढऱ्या पानावर मराठीत ओळी होत्या, प्रत्येकीपुढे तारीख. एकनाथराव बोट ठेवून वाचू लागले.

"शनिवार. दार उघडलं नाही. पेपरचा आवाज आला. बाबा बरे आहेत."

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही. शिवी एकही नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. मग बोट एका तारखेवर थांबलं. ती दहाव्याची होती.

"कावळा नाही. परत जिन्यावर आलो. आता रोज इथेच."

त्याखाली, परवाची तारीख. "जिन्यावर जागा उरली नाही. ज्यांना कुणीच घरात घेत नाही, ते सगळे येऊन बसतात. मी त्यांना सांगितलं, माझे बाबा एक दिवस 'ये' म्हणतील."

आजची तारीख. "ते मला मागे सारतात. वरच्या पायरीवर तेच बसतात. बाबा, आता म्हणू नका…"

एकनाथरावांचं बोट स्क्रीनवरच राहिलं. त्याच्या खाली, त्यांच्या डोळ्यांदेखत, एकेक अक्षर उमटत गेलं.

"म्हणाले."

मागे पंखा थांबला. बाहेर जिन्यावर पावलं वाजली. कपड्यांचं बोचकं घेऊन रेणू दारात उभी होती. आत येईना.

"मामय्या… कोण कोण आलंय?"

"कुणी नाही."

"मग दाराबाहेर एवढ्या चपला?" ती वाकली. एकेक जोड न्याहाळत राहिली. बराच वेळ. मग तिचा आवाज अगदी खाली आला.

"यात ह्यांच्या नाहीत, मामय्या."