थांबणे न जमणारी गाडी

धुक्यातून एक फिकट निळी गाडी आली, आमच्या गॅरेजच्या फाटकाशी थरथरली आणि बंद पडली.

"फाटक अडवायलाच आलात का?" मी विचारले.

"माझा थांबायचा विचारच नव्हता. थांबलो, की ही मरते." तो उतरला. धुरकटलेला चष्मा पुसायला त्याने काढला, आणि त्याचे डोळे... कुणी दार लोटायला विसरून जावे, तसे उघडे होते.

कोपऱ्यावरचे चष्म्यांचे दुकान त्याचे. ते आवरून तो भावाच्या शहरी कायमचा निघाला होता. गाडी वाटेत बंद पडू नये, एवढीच त्याची विनंती होती.

ती पळताना ठणठणीत असे, पण उभी राहिली की आवाज वर चढे, खाली बुडे. झोपेत कुणी स्वतःशी बोलावे तसा. मी पेट्रोलचा दाब तपासला, प्लग पाहिले, थ्रॉटलची काजळी पुसली. हेलकावा तसाच.

"पोरी, गाडी त्या बाजूला आहे," बाबा गाड्यांखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यातून म्हणाले. माझे कान तापले.

मग मी रबरी नळीचा तुकडा घेतला. एक टोक त्याच्या कानाशी दिले, दुसरे इंजिनवरून हळूहळू फिरवू लागले.

"सांगा. इथे... की इथे?"

तो हसला. "हा तर माझा प्रश्न! अक्षर असं स्पष्ट दिसतं, की असं?"

"मग आज उत्तर द्या."

एका पाइपच्या वळणावर त्याने माझे मनगट धरले. "इथे. कुणीतरी फुंकर घालतंय."

"घालत नाही, ओढतंय. पाइपला चीर आहे. तिथून चोरून हवा आत जाते, मग पेट्रोल कमी पडतं. पळताना जाणवत नाही. उभं राहिलं, की जीव घाबरा होतो."

"माझंही तसंच आहे," तो म्हणाला. मनगट अजून त्याच्याच हातात होते.

नवा पाइप फडताळात होता. "मागवावा लागेल," असे म्हणता आले असते... शब्द अगदी ओठांवर होते. पण मी तो बसवला. इंजिन एका लयीत, शांत श्वास घेऊ लागले. त्याचा चेहरा मात्र उतरला.

"मग उद्या निघाल?"

"आता काही कारणच उरलं नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निळी गाडी धापा टाकत पुन्हा फाटकाशी. आवाज ऐकताच कळले, हे दुखणे जुने नव्हे. बॉनेट उघडले. एक जाड पाइप लोंबत होता, आणि त्याची क्लिप बॅटरीवर नीटनेटकी ठेवलेली.

"हा कुणी काढला?"

तो चष्मा पुसू लागला. "तुम्ही काल बसवलेलाच ना... तो?"

"हा ब्रेकचा आहे! ब्रेकचा!"

"तरीच पेडल दगडासारखं लागत होतं. फार हळू आलो पण... एका आजोबांनी चालत मला मागे टाकलं."

"काही झालं असतं म्हणजे? मग मी—" मी लोंबता पाइप जागेवर दाबला.

बाबा हात पुसत खड्ड्यातून वर आले. "मी चहा सांगून येतो," ते म्हणाले. "सावकाश येतो."

"मग तुम्ही काय?" त्याने हलकेच विचारले.

मी क्लिप आवळली. "राहायचं होतं, तर सांगायचं. बिचाऱ्या गाडीला कशाला मध्ये घातलंत?"

"सांगितलं असतं, तर ठेवून घेतलं असतंत?"

"बसा आत. चालू करा." त्याने केली. "आता ॲक्सिलरेटरवरून पाय काढा."

"बंद पडेल."

"नाही पडणार. मी आहे."

त्याने पाय उचलला. इंजिन अडखळले नाही. धुके काचेवर अलगद टेकले होते. त्याने चष्मा काढून विचारले, "मी असा स्पष्ट दिसतो, की तसा?"

मी खिडकीशी वाकले. "जवळून."

त्याने चष्मा परत घातलाच नाही.

"भावाला काय सांगू?"

"सांगा... गाडी थांबायला शिकली."

तो हसला, आणि स्वतःच्या हाताने त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केले.