फाटकाला गुलाबाचा वास!

"अठरा, एकोणीस, वीस! घ्या, पुन्हा वीसच!" शंकासुरानं कपाळावर हात मारला.

"आणि खाली मीटरपेटीवरच्या चार?" मावशीनं विचारलं.

"त्याच तर नाहीत!" उद्याराणीचा आवाज रडवेला झाला होता. "कट्ट्यावर मावल्या नाहीत म्हणून काल संध्याकाळी मीच तिथे ठेवल्या होत्या."

जिन्यातल्या कट्ट्यावर गुलाबी मेणाच्या टोकदार तोंडाच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. मावशीचं मेण मेणबत्तीसारखं टणक नव्हतं. बाटली दाबली की ते लोण्यासारखं बाहेर यायचं. विजेवर तापणाऱ्या छोट्या वाटीत नाण्याएवढं टाकलं की खोलीभर गुलाब दरवळायचा. घरात उकाडा, म्हणून भरलेल्या बाटल्या आतलं मेण बसून घट्ट व्हायला जिन्याच्या सावलीत ठेवायच्या, असा मावशीचा शिरस्ता होता.

आज पाच वाजता लॉजवाल्या बाई येणार होत्या. मावशीची ही पहिलीच मोठी ऑर्डर. खोल्या चोवीस, बाटल्या चोवीस. "एक जरी कमी भरली तरी मी नेणार नाही," असं बाईंनी बजावलं होतं. "एका खोलीत वास आणि दुसरीत नाही, असलं मला खपत नाही."

"आणि लेबलं? ती लावलीस का काल?" मावशीनं भाचीकडे रोखून पाहिलं.

उद्याराणीनं मान खाली घातली. लेबलांचा गठ्ठा तिच्या खिशातच होता. कोणतंही काम सांगा, बाईसाहेबांचं उत्तर ठरलेलं, "उद्या करते!" सुट्टीला आल्यापासून मावशीनं म्हणूनच तिला हे नाव ठेवलं होतं. मावशीचा मुलगा दर वाक्याला एक शंका काढायचा, म्हणून तो शंकासुर. तळमजल्यावरची त्यांची मैत्रीण भोंगा. तिची कुजबुजसुद्धा गच्चीवर ऐकू जायची!

तेवढ्यात इमारतीचे मॅनेजरकाका शिंकत शिंकत जिना चढून आले. चष्मा नेहमीसारखा कपाळावर.

"काय हरवलं? बाटल्या? आक्छीं! मुलांच्या हाती कारभार दिला की असंच व्हायचं! दाबून दाबून खेळली असतील कार्टी. आणि हा कट्टा संध्याकाळपर्यंत रिकामा हवा मला!"

ते गेले. मावशी उद्याराणीकडे वळली. "उद्याचा मेणाचा घाणा तुला एकटीला करायला देणार होते. आता नको. तू भांड्याला हात लावू नकोस."

त्या घाण्यासाठी उद्याराणी पंधरवडाभर दिवस मोजत होती.

दोघं खाली आली आणि भोंगाला घेऊन पायरीवर बसली. इतक्यात समोर पोस्टमन उभे!

"अय्या! तुम्ही आलात कधी? फाटक वाजलंच नाही!" भोंगा ओरडली.

खरंच की! या फाटकाची करकर म्हणजे कान किटवणारी. पाहुणा आला हे अख्ख्या इमारतीला कळायचं. आज मात्र फाटक मूग गिळून गप्प!

उद्याराणी धावत गेली आणि बिजागरीला नाक लावलं. "गुलाब! हे बघा, गुलाबी थर!"

"पण फाटकाला वास कोण लावेल?" शंकासुराची शंका तयारच होती.

"वास नाही रे, वंगण! मावशी अडलेल्या खणाला मेणाचा तुकडा घासते ना? तसंच. कुणीतरी आपलं मेण वंगण समजून चोपडलंय!"

पंपाच्या खोलीचं दार, मीटरच्या खोलीचं, अडगळीचं, सगळी दारं गपगार आणि सगळ्यांना गुलाबाचा वास! फाटक धरून चार दारं, चार बाटल्या. पोळीवरही इतकं लोणी कुणी लावत नाही!

उद्याराणी मात्र एकदम गंभीर झाली. बाटल्यांवर लेबल असतं तर असं झालंच नसतं. म्हणजे निम्मी चूक तिचीच होती.

"कोण ते शोधायचं कसं?" शंकासुरानं विचारलं.

"त्यालाच बोलवायचं! गच्चीचं दार अजून करकरतंय ना?"

मावशीच्या घरातली वापरातली बाटली त्यांनी मीटरपेटीवर ठेवली. शंकासुर गच्चीचं दार उघडत-मिटत बसला. करर्र! करर्र! आणि जिन्यात उभी राहून भोंगा आपल्या नावाला जागली. "अगंबाई, काय ही गच्चीच्या दाराची कटकट! कुणी तेल घालेल का त्याला?"

उद्याराणी जिन्याखाली दडली. पाचच मिनिटांत पावलं वाजली. एक हात मीटरपेटीकडे गेला.

"सापडले!" तिनं उडीच मारली.

बाटली हातात धरून मॅनेजरकाका उभे!

"ओरडतेस काय? वंगण आहे हे! फिटरला मीच इथे ठेवायला सांगितलं होतं."

"गुलाबाचं वंगण?"

"गुलाबाचं? आठवडाभर सर्दीनं नाक बंद आहे माझं!" त्यांनी चष्मा खाली ओढला, गुलाबी बाटली पाहिली आणि त्यांचाच चेहरा गुलाबी झाला. फिटरचा खरा डबा मीटरपेटीच्या मागे धूळ खात होता.

आरडाओरडा ऐकून मावशी खाली आली. काकांची आता चांगलीच खरडपट्टी निघणार होती. गप्प राहिलं असतं तरी उद्याराणी सुटली असती. पण ती पुढे झाली.

"मावशी, निम्मी चूक माझी. लेबलं लावली असती तर काकांना कळलं असतं. चार बाटल्या मी करते. आत्ता!"

'आत्ता' हा शब्द तिच्या तोंडून कुणी कधी ऐकलाच नव्हता! मावशीनं घड्याळाकडे पाहिलं. एक वाजला होता. तिनं थर्मामीटर भाचीच्या हातात दिला.

मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, त्यात ठेवलेल्या भांड्यात मेण आणि तेल विरघळलं.

"आता घालू गुलाब?" शंकासुर गुलाबाच्या अर्काची बाटली घेऊन उतावीळ.

"थांब! इतक्या कढत मेणात वास उडून जातो. पासष्ट अंशांवर उतरू दे."

मग भांडं गार पाण्यात ठेवलं आणि ढवळायला मॅनेजरकाका बसले.

"हात थांबवू नका काका, नाहीतर गुठळ्या होतात!" उद्याराणीनं हुकूम सोडला. बिचारे घामाघूम होऊन ढवळत राहिले. मेण दाटसर झाल्यावर तिनं एकेक बाटली भरली, आणि मेण बसल्यावर चोवीसही बाटल्यांवर स्वतः लेबलं चिकटवली.

पाचच्या ठोक्याला लॉजवाल्या बाई आल्या. चोवीस मोजून घेतल्या. एक बाटली दाबून बोटांत मेण चोळलं. ती नेमकी आजची होती. उद्याराणीनं श्वास रोखला.

"एक गुठळी नाही! झकास!" बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या फाटकालाही गुलाबाचा वास? माझ्या दारांना लावू का हे?"

"नको!" सगळे एकदम ओरडले.

"पोरांनी माझा चष्मा जागेवर आणला," मॅनेजरकाका हसत म्हणाले. "आजपासून हा कट्टा मेणासाठी राखीव!"

मावशीनं भाचीला जवळ ओढलं. "सकाळी फार लागेल असं बोलले गं तुला. उद्याचा घाणा तुझा एकटीचा. आणि हे नाव आता बदलायलाच हवं."

तिच्या कुशीत नाक खुपसून उद्याराणी म्हणाली, "उद्या बदलू!"