दोन सेकंदांची जागा

व्हिडिओ बनवणाऱ्यांना मी संगीत पुरवतो. जळगावात दोन खोल्या, एक चांगला माइक आणि वेबसाइटवर नऊशे तुकडे, एवढा माझा पसारा. सिनेमातलं गाणं लावलं की व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा येतो, चॅनेल बंद पडतं. माझं लायसन्स घेतलं की कुणी बोट लावत नाही, आणि ते कायमचं असतं. शेतीला पावरीची धून, विनोदाला संबळ, सगळं होतं. उदास मात्र काही नव्हतं आणि गिऱ्हाइकं नेमकं तेच मागायची. व्हिडिओत रडायला लोकांना फार आवडतं.

म्हणून साक्रीपलीकडच्या एका गावी झुंबरबाईंकडे गेलो. कुणी गेलं की घरचे त्यांना बोलावतात. त्या मयताच्या उशाशी बसून, त्याचं नाव घेऊन गातात. भर दुपारी त्यांच्या पत्र्याखाली मी माइक लावला.

“कोनं नाव लेऊ?” त्यांनी विचारलं.

“कुणाचंच नको. नाव आलं की गाणं एकाचंच होतं. बाकीच्यांना वापरता येत नाही.”

“नावबिगर हाई गानं म्हनतस नही, भाऊ.”

“नावाच्या जागी नुसतं थांबा. दोन सेकंद.”

“ती जागा रिकामी ऱ्हास नही,” त्या म्हणाल्या. मी हसलो आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. त्या हसण्याची आज लाज वाटते.

पंधरा दिवसांत ऐंशी जणांनी तो तुकडा घेतला. मग नरडाण्याहून ललितचा फोन आला. तिथल्या बंद कारखान्यांवर त्याने व्हिडिओ केला होता.

“भाऊ, गाण्यात मधेच ‘अभिमन’ ऐकू येतं. अभिमननाना म्हणजे आमचे इथले वॉचमन.”

मी मूळ फाइल उघडली. त्या दोन सेकंदांत आवाजाची रेघ सपाट होती. मग त्याचा व्हिडिओ लावला. झुंबरबाईंचाच आवाज, तोच श्वास, आणि स्वच्छ ‘अभिमन’. पोरानेच काहीतरी चिकटवलं असणार, म्हणून मी त्याला चार शब्द सुनावले. तिसऱ्या दिवशी त्याने एवढंच कळवलं, की नाना गेले.

योगायोग म्हणून सोडून दिलं. सोडून दिलं म्हणजे काय, तर दिवसातून दहा वेळा तीच फाइल लावून ऐकत बसलो.

त्याच दिवसांत माझी बहीण सुलक्षणा धुळ्याला बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. आधीची दोन बाळं जन्मून आठ दिवसही राहिली नव्हती. त्यामुळे फोन वाजला की दवाखान्यातून आहे का ते आधी बघायचो. त्या सकाळी वाजला, तो मात्र धुळ्याच्या मिसबाहचा. ती यंत्रमाग चालवणाऱ्या घरांवर व्हिडिओ करते.

“योगेंद्रभाई, तुमच्या गाण्यात अब्बांचं नाव आहे. हाशम. काल व्हिडिओ टाकला आणि आज अब्बा मागावरच कोसळले. व्हिडिओ काढला, तरी डोळे उघडत नाहीयेत. काहीतरी करा ना!”

मी गाणं वेबसाइटवरून काढून टाकलं. पण ऐंशी जणांकडे ते होतंच, आणि दिलेलं लायसन्स परत घ्यायची सोय मीच ठेवली नव्हती. गाडी काढली आणि थेट झुंबरबाईंचं दार गाठलं.

त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. “नाव लिसन म्हनू का? कोनं?”

‘माझं घ्या’ असं ओठांवर आलं होतं. भीती वाटली, खरं सांगतो. मग जागा भरेल पण कुणी जाणार नाही, असं कुणाचंच नसलेलं नाव शोधायला लागलो. जुन्या सातबाऱ्यावर दिसलेलं एक आठवलं. फोनमधल्या अकराशे नावांत ते एकदाही नव्हतं.

“उखर्डू,” मी म्हणालो.

“आते कोन ठेवस हाई नाव?”

“कुणीच नाही. म्हणूनच.”

मी माइक सुरू केला. त्यांनी डोळे मिटले आणि पूर्ण गाणं म्हटलं. नावाच्या जागी या वेळी थांबल्या नाहीत.

धुळ्याच्या अलीकडे मिसबाहचा फोन आला. ती हसत होती, रडतही होती. “अब्बांनी चहा मागितला! आणि भाई, माझ्या फोनमधल्या व्हिडिओत आता दुसरंच नाव येतंय.”

नवं रेकॉर्डिंग मी अजून कुणालाच पाठवलं नव्हतं. रेकॉर्डिंगचं यंत्र बाजूच्या सीटवर बंदच होतं.

पाठोपाठ दाजींचा मेसेज आला. मुलगा झाला, दोघं सुखरूप.

मी पेढे घेऊन दवाखान्यात पोचलो. सुलक्षणा झोपली होती. तिच्या सासूबाई, मंजुळाबाई, बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाळ गुटगुटीत, श्वास संथ. कित्येक दिवसांनी मला बरं वाटलं.

“नाव बी ठेवं दुपारले,” त्या म्हणाल्या. “बारसानी वाट कोन दखस? आधीना दोन गयात ना. म्हनीसन हलकं नाव ठेवं. उकिर्डावर टाकेल पोऱ्याले मरन हात लावस नही.”

माझ्या हातातला पुडा तसाच राहिला.

त्यांनी बाळाचा गाल हलवला. “उखर्डू, दख, तुना मामा उना.”

पलीकडच्या खाटेवरची बाई मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघत होती. त्यात झुंबरबाईंचं ते उदास गाणं नावाच्या जागेपाशी आलं होतं.

बाळाने मान तिकडे वळवली आणि ओ दिली.